केवळअक्काचे निरोपाचे मांडे

ये गं केतके, जवळ बस. तिकडे बर्फात बसून हे वाचत असशील, तर निदान खुर्ची तरी पुढे ओढ आणि कानातलं ते बोंडुक काढून ठेव. आजी बोलायला लागली की तुझं "हं, हं" सुरू होतं आणि डोळे भलतीकडेच असतात, हे मला फोनमध्येसुद्धा दिसतं बरं. म्हातारी झाले, आंधळी नाही झाले. परवा विचारलं, आखाजीला, तुमच्या त्या अक्षय्य तृतीयेला, येतेस का, तर म्हणालीस, "आजी, परमिट रिन्यूला टाकलंय, ते हातात आल्याशिवाय इथून हलता येत नाही." गेल्या आखाजीला तेच. त्याच्या आधी सुट्टीचं काहीतरी होतं, पण त्याच्याही मागे परमिटच होतं. तुझा बाप म्हणतो, "आई, जरा समजून घे तिला." अरे, समजलं म्हणून तर रागावते आहे. न समजणारी माणसं गप्प बसतात.

परमिट हा शब्द मी तुझ्याआधी एका बाईच्या तोंडून ऐकला. केवळअक्का आठवते का तुला? आपल्या घरासमोर नानांच्या खोल्या आहेत ना, त्यातली शेवटची खोली. तू लहानपणी अमळनेरला आलीस की तिच्या दारातून उठत नव्हतीस. ती तुला कणकेचा गोळा द्यायची आणि तू त्याची चिमणी करायचीस. संध्याकाळपर्यंत ती चिमणी काळीकुट्ट व्हायची, आणि अक्का म्हणायची, "देख वं माई, तुनी नातनी कावळा कया."

ती बोलायची सगळं अहिराणीतच. तुला सगळी अहिराणी कळायची नाही, म्हणून तिचं बरंचसं बोलणं मी आपल्या भाषेत लिहिते. पण काही काही शब्द तिचे तिच्याजवळच राहू दे.

उंच नव्हती. पण हात! खांद्यापासून बोटांपर्यंत तिचे हात दुसऱ्याच कुणाचे आणून जोडल्यासारखे लांब होते, आणि मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला भाजल्याचे डाग. जुने पांढरे, नवे तांबूस. बांगड्या फक्त दोन, त्याही मांडे करताना काढून पदराला बांधायची. कुणाच्याही घरात शिरली की आधी देवाकडे नाही, माणसांकडे नाही, चुलीकडे बघायची. मग गॅस का असेना. "काय वं माय, चूल पेटनी का नही आज?" हे तिचं "कशी आहेस" असायचं. खुर्चीवर बसलेली मी तिला पाहिली नाही. पोलिसाला भाऊ, डॉक्टरला भाऊ, रिक्षावाल्याला भाऊ. एकदा तहसील कचेरीत साहेबाला "भाऊ, तुम्ही जेवले का" असं विचारून आली. साहेब म्हणे पेन खाली ठेवून म्हणाला, "नाही जेवलो." तिचं काम झालं की नाही ते माहीत नाही, पण अक्का घरी येऊन चिडली होती, "इतका वाजी गया, आणि माणूस उपाशी बसाडी ठेवेल शे."

आणि मांडे. तू तिकडच्या तुझ्या मैत्रिणींना पुरणपोळी म्हणून सांगत असशील, तसलं नव्हे ते. गहू धुवून, वाळवून, दळून, पीठ फडक्यातून गाळायचं. कणीक भिजवून ती अशी आपटायची, अशी ओढायची की लांबवली तर तुटू नये. दोन पुऱ्यांच्या मध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, आणि मग लाटणं बाजूला ठेवून तो मांडा दोन्ही हातांवर घ्यायचा. इकडून तिकडे, कोपरापर्यंत, फिरवत फिरवत वाढवायचा. अक्काच्या हातावर तो वाढताना पलीकडची माणसं दिसायची त्याच्यातून. मग चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. झटका चुकला की सगळं संपलं. आखाजीला रसाबरोबर तिचा एक मांडा खाल्ला की संध्याकाळी जेवायचं कुणी नाव काढायचं नाही.

लग्नाच्या हंगामात पारोळा, भडगाव, एरंडोल कुठून कुठून तिला बोलावणी यायची. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, तो ऐन कपाशीच्या दिवसांत छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून ती आणि तिची वैशाली, दोघीच. त्या दोघींचं सगळं त्या खापरावर चालायचं.

तिची एक रीत होती. ही नीट ऐक, पुढे लागणार आहे. कुठलंही घर सोडताना त्या घराचं तोंड गोड करून निघायचं. लग्नघरी काम करून निघाली तरी शेवटचा मांडा त्या घरच्या मालकिणीला स्वतः वाढायची. समोर बँकेतला एक कारकून भाड्यानं राहायचा, त्याची बदली झाली, तर सोडून जाणारा तो आणि मांडे करणारी ही. मी म्हटलं, "अगं, निघतोय तो, तू कशाला?" तर म्हणाली, "तेले कोठे येस मांडा कराले?"

नानांचं तर ऐकण्यासारखं आहे. नाना म्हणजे तिचा घरमालक. त्यांच्या मुलाला मोबाइलचं दुकान काढायचं होतं, म्हणून अक्काला खोली रिकामी करायला सांगितली. ती भांडली, रडली, दोन दिवस नानांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सामान बांधलं. भांडी पोत्यात, गोधड्या दोरीनं आवळलेल्या, आणि खापर मात्र चुलीवर! ज्यानं घराबाहेर काढलं त्याच्याच घरी ही निरोपाचे मांडे करत बसली. नानांची सगळी मंडळी जेवली. नानांनी हात धुतला, पंचाला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "केवळबाई, सोडा ते सामान."

गल्ली हसली. सलीमभाई टेलर म्हणाले, "अक्का, तुम्ही तर मांड्यावर खोली जिंकली!" तर अक्काला राग आला. आपल्याला वाटेल, खूश झाली असेल. नाही. "सलीमभाई, मी राहण्यासाठी नव्हते केले, निघण्यासाठी केले होते." बरेच दिवस तिला ते लागून राहिलं होतं. जणू तिच्या रीतीचा कुणी लाचेसारखा अर्थ लावला होता.

आता तू म्हणशील, अशी बाई परदेशात गेली कशी? सांगते.

लग्नांतून मांडे हळूहळू गेले. जळगावचे, धुळ्याचे केटरर आले, नूडल्स आले, आणि अक्काला बोलावणं आलं तरी ते वेगळंच. तिला नवं कोरं लुगडं नेसवून दारात उभी करायचे, वर विजेच्या माळा, पुढे पाटी. "लाइव्ह काउंटर." ती मांडा हातावर फिरवायची आणि समोर फोन धरलेली माणसं. फिरवून होईपर्यंत थांबायची आणि खाण्याच्या वेळी पलीकडे आइसक्रीमला जायची. असे गार मांडे एकावर एक चढलेले ती घरी घेऊन आली एका रात्री. मला म्हणाली, "माई, आते मी नाचनारी व्हई गई."

सलीमभाईंची बहीण शबाना आखातात एका घरी कामाला होती. आमच्या गल्लीत आखातातला कुठलाही देश म्हणजे दुबई. खरा देश कुठला ते शबानालाही कागद बघून सांगावं लागायचं. तिच्या मालकिणीच्या भावजयीला हिंदुस्थानी स्वयंपाकीण हवी होती. दोन वर्षांचा करार. वैशालीचं लग्न त्याच वर्षी धुळ्याला लावून दिलं होतं, मागे कुणी नव्हतं. अक्का म्हणाली, "खाणारं घर शे ना? मग जासू मी."

तिचं निघणं बघायला हवं होतंस. खापर तिनं दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि पोटाशी धरलं. सलीमभाई म्हणाले, "अक्का, विमानात मातीचं भांडं? फुटेल." ती म्हणाली, "विमान फुटी, खापर नही फुटी." विमानतळावर तपासणीवाल्यानं म्हणे विचारलं, यात काय? हिनं सांगितलं, "चूल शे, भाऊ." झालं! चार माणसं गोळा झाली. गोधडी सोडली. त्यातला एक शिपाई चाळीसगावकडचा निघाला आणि म्हणाला, "सोडा हो यांना, मांडे करायचं खापर आहे ते." खरं-खोटं अक्काच जाणे. पण खापर पोचलं खरं.

तिथल्या दारात पोचल्याबरोबर मालकिणीनं पासपोर्ट मागितला. सांभाळून ठेवते म्हणाली. शबाना मध्ये दुभाषी म्हणून उभी होती, तिनं अक्काला डोळ्यानं खुणावलं. अक्काला वाटलं, द्यायचा म्हणून खुणावते. तिनं आनंदानं काढून दिला. "तुमनाकडेच ठेवा बाई, मना घर उंदरं शेतस." हे आम्हाला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

दोन वर्षं तिनं तिथं पोळ्या केल्या, भात केला, त्यांचं मटणाचं शिकली. मालकिणीला ती शेठाणी म्हणायची. शेठाणी वाईट नव्हती. अक्काही कधी वाईट म्हणाली नाही. वेळेवर पगार, आजारपणात औषध. गाडी चालवायला केरळचा एक जोसेफ होता. त्याला अहिराणी येईना, हिला त्याची भाषा येईना, पण दोघं रोज मनसोक्त भांडायचे. "तो तेनं बोलस, मी मनं बोलस, आणि दोन्हीसले बराबर समजस," असं सांगायची. घरात शेठाणीची आई होती, फार म्हातारी. अक्का तिला मोठी माय म्हणायची. ती अन्नाला शिवायची नाही. चमच्यानं पेज भरवली तरी ती ओठावरून परत यायची. डॉक्टर झाले, नळ्या झाल्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

खापर मात्र या दोन वर्षांत खाटेखालून निघालंच नाही. मी विचारलं होतं, "मांडे केलेस का गं त्यांच्यासाठी?" तर म्हणाली, "ते रोजनं खाणं शे का माई?"

दोन वर्षं संपत आली, आणि इकडे वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण. ते आईकडेच व्हायला हवं, हे तुला सांगायला नको. आखाजी आधी येत होती, बाळंतपण पुढच्या महिन्यात. तिकीट निघालं. अक्का फोनवर दुसरं काही बोलतच नव्हती: खोली उघडून झाडून ठेवा, डिंक आणून ठेवा, कुणाच्या ओळखीत बाज असेल तर मागून ठेवा. "मी येसू आखाजीले. वैशालीले सांग, घाबरू नको." वैशाली धुळ्याहून आधीच येऊन बसली होती, आईच्या खोलीला आईच्या आधी चुन्याचा हात देऊन झाला होता.

आणि मग अक्कानं तिच्या रीतीनं केलं.

घर सोडायचं, तर घराचं तोंड गोड करायचं. निघायला चार-पाच दिवस होते. शुक्रवार होता, शेठाणीचं सगळं गोत जेवायला यायचं. जोसेफनं हिच्यासाठी हिंदुस्थानी दुकानातून चण्याची डाळ आणि गूळ आणला, अंगणात विटा मांडून दिल्या, लाकडं आणली. अक्कानं खाटेखालून खापर काढलं. तिथल्या त्या गुळगुळीत फरशीच्या अंगणात, विटांच्या चुलीवर, बांगड्या पदराला बांधून ती उभी राहिली, आणि हातावर मांडा घेतला.

फोन निघाले. ते इथंही निघतात, तिथंही निघाले. पण तिथल्या लोकांनी खाल्लंही. आणि कुणीतरी मोठ्या मायला खुर्चीत बसवून बाहेर आणलं, गंमत बघायला म्हणून. म्हातारी बघत राहिली. मांडा हातावर वाढताना बघितला, खापरावर पडताना बघितला. मग तिनं हात पुढे केला. अक्कानं तूप लावून, घास करून, तिच्या तोंडात दिला. तिनं तो गिळला. आणि तोंड पुन्हा उघडलं.

अक्का सांगायची, फोन धरलेले हात खाली आले. शेठाणी तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. अक्काही रडली. आपल्या हातचं कुणाच्या पोटात गेलं, याहून तिला दुसरं काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी शेठाणीनं तिकीट रद्द केलं.

शबानाला बोलावून अक्काला सांगितलं, की परमिट आणखी दोन वर्षांचं करून घेतलंय, पगार वाढवलाय, आनंदात राहा. अक्काला आधी कळेचना. ती म्हणाली, "पण मी तर निरोपाचं केलं होतं!" शबानानं ते त्यांच्या भाषेत कसं सांगितलं असेल, देव जाणे. सांगता येण्यासारखं होतं का ते? शेठाणी म्हणाली, माझी आई तुझ्या हातचं खाते. अक्का म्हणाली, माझी लेक बाळंत होणार आहे. शेठाणी म्हणाली, तुझी लेक तरुण आहे, तिला आणखी होतील. माझी आई एकच आहे.

केतकी, या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. त्या बाईला दुष्ट म्हणावं तर जीभ उचलत नाही. आईसाठीच करत होती. पण स्वतःच्या आईसाठी तिनं दुसऱ्या एका आईला कुलूप घातलं, आणि त्या कुलपाला परमिट हे नाव होतं.

मी तोवर समजत होते, की परमिट म्हणजे काम करायची परवानगी, रेशन कार्डासारखी, आपल्या नावाची. शबानानं फोनवर समजावलं. तिथं ते मालकाच्या नावाला बांधलेलं असतं. मालक बदलायचा तर त्याची परवानगी. देश सोडायचा तर त्याची परवानगी. न सांगता घराबाहेर पडलं तर बाई फरार, आणि फरार बाईला पोलीस शोधतात, चोरी न करताही. करार वाढवायला मात्र अक्काला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी आणि वैशाली जळगावला एका कचेरीत गेलो. तिचे महिने भरत आलेले, एसटीत तिला कुणी जागा दिली म्हणून बरं. तिथला माणूस बोलायला चांगला होता. म्हणाला, "माई, तिथं आपल्या देशाचं कार्यालय आहे. त्यांनी स्वतः जाऊन तक्रार करायला हवी." मी हे अक्काला सांगितलं. ती हसली, पण कशी हसली. "माई, घरातून निघायला शेठाणीची परवानगी. म्हणजे शेठाणीची तक्रार करायला शेठाणीच्याच गाडीतून जायचं ना?"

शबाना म्हणाली, मी नेते लपवून, शुक्रवारी. अक्का तयार झाली होती. पिशवी भरली होती. पण शबानाची मालकीण शेठाणीची नणंद. अक्का पळाली, तर पहिला हात शबानावर पडणार, तिचंही परमिट त्याच घरात अडकलेलं. शबानाची तीन लेकरं पारोळ्याला. अक्कानं पिशवी परत खाटेखाली सारली. शबानाला म्हणाली, "तू जाय. तुना पाय नको मोडू मनासाठी."

मग गल्लीनं एक शक्कल काढली. कुणी काढली ते आठवत नाही, पण सगळ्यांनी मिळून वैशालीच्या फोनवर सांगितली. अक्का, मांडे बिघडव! खारट कर, करपव, फाडून टाक. म्हातारी थुंकेल, आणि शेठाणी आपोआप तुला विमानात बसवेल. यात काय अवघड? आम्हाला तर बिघडवायचं शिकावंही लागत नाही.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बिघाडतस कसं?"

शुक्रवारी तिनं खरंच प्रयत्न केला. तिनं मला सांगितलं ते तसंच सांगते. कणीक अर्धवटच मळायची असं ठरवलं, पण बोलता बोलता हात मळतच राहिले. मीठ जास्त घालायला मूठ भरली, आणि मूठ परत डब्यात गेली. मग ठरवलं, हातावरच फाडायचा. एक बोट आत घातलं की फाटतो तो. मांडा हातावर घेतला, फिरवला. समोर मोठी माय खुर्चीत बसलेली. तोंड उघडं ठेवून, पाखराच्या पिलासारखी. अक्का म्हणाली, "माई, हात ऐकत नही. माले घर जानं शे, आणि हात ऐकत नही." मांडा अख्खाच पडला खापरावर.

आखाजी आली. वैशालीनं आईच्या खोलीत गौराई मांडली. आखाजीचा झोका बांधला नाही, पोट एवढं मोठं. मग बाळंत झाली, मुलगी झाली. डिंकाचे लाडू मी केले, शेक-शेगडी मी केली. दुसऱ्याच्या आईनं केलेलं बाळंतपण होतं ते, वैशालीनं काही कमी पडलं असं म्हटलं नाही, पण तेल लावताना ती माझ्या हातांकडे बघायची, ते मला कळायचं. फोनवर अक्का दिसायची. कणकेचे हात फोनला लागू नयेत म्हणून जोसेफ फोन धरून उभा असायचा. ती पोरीला बघायची आणि सूचना करायची: टाळू भर, पाय ओढू नको, कान झाक. रडायची नाही. फोन बंद झाल्यावर काय करत असेल, ते जोसेफला ठाऊक.

तिचं पुढचं वर्ष कसं गेलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. एकदाच बोलली. म्हणाली, "माई, मोठी माय जगायला हवी म्हणून मी भरवते. आणि ती जोवर जगेल तोवर मी इथंच. रोज घास देताना वाटतं, मी देव आहे का कोण आहे?" मग लगेच, "जाऊ दे. पोर चालाले लागनी का?"

पोर चालायला लागली. दुसरीही आखाजी गेली. मग एका पहाटे मोठी माय झोपेतच गेली.

आता शेठाणीला अडवायचं कारण उरलं नव्हतं. दुखवट्याचे दिवस झाल्यावर तिनं पासपोर्ट काढून दिला, तिकीट दिलं, गळ्यात पडून रडली. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, सगळे भेटायला येणार आहेत, एकदा शेवटचं ते कर. अक्का म्हणाली, "खापर फुटी गया." खापर फुटलं नव्हतं. खाटेखाली गोधडीत होतं. तिनं ते तिथंच सोडलं, आणि तोंड गोड न करता आयुष्यात पहिल्यांदा एक घर सोडून निघाली.

आली तेव्हा आम्ही स्टेशनवर गेलो होतो. हात तसेच लांब, पण ती त्यांना पोटाशी धरून चालत होती, अजून खापर धरल्यासारखी. पोरगी वैशालीच्या साडीआड लपली. अक्कानं ओढलं नाही तिला. फलाटावरच उकिडवी बसली आणि म्हणाली, "बस बस माय, मी बी नवी शे आठे."

मला एकदा दुपारी विचारलं तिनं. आपल्या ओट्यावर बसलो होतो, शेंगा सोलत. "माई, मी मोठी मायनं मरण कधी मांगं नही. पण मनातून मांगायी गयं व्हई, तर?" मी शेंगा सोलत राहिले. काही प्रश्नांना उत्तर दिलं तर माणूस आणखी एकटं पडतं.

चूल तिनं पेटवली, भाकरी केली, सगळं केलं. मांडे नाही. नवं खापर आणलं नाही. लग्नाची बोलावणी आली, तर "हात दुखतात" म्हणायची. नंतर वैशाली धुळ्याला एका शाळेत कामाला लागली, पोरीला सांभाळायला कुणी हवं होतं, आणि अक्कानं नानांची खोली सोडायचं ठरवलं. कायमची. गल्लीला वाटलं, आता तरी. तिची रीत गल्लीला माहीत होती ना. निघायच्या दिवशी सकाळपासून सगळे तिच्या दाराकडे बघत होते. नाना आता काठीवर चालतात, ते येऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "केवळबाई, मांडे?"

"गाडीना टाईम व्हई गया, नाना," असं म्हणाली आणि कुलूप त्यांच्या हातात दिलं.

मी एसटी स्टँडपर्यंत गेले. धुळ्याची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, चाकं फिरायला लागली. तेव्हा, तेव्हाच, तिनं चोळीतून कागदाची एक पुडी काढली आणि तो लांबलचक हात खिडकीतून बाहेर काढून माझ्या तळहातावर टेकवली. साखर होती. "आते खाय, माई," म्हणाली.

आधी नाही. गाडी सुरू झाल्यावर. मी साखर तोंडात टाकली आणि बघत राहिले, तो भाजल्याच्या डागांचा हात खिडकीबाहेर दिसत होता तोवर. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. फोन असतो. पोरीच्या शाळेचं सांगते.

तर केतके, तुझा देश वेगळा, तुझं काम वेगळं, तू शिकलेली, तुझा पासपोर्ट तुझ्या कपाटात असेल, हे सगळं मला कळतं. तरी एकदा बघून मला सांग, की तुझ्या त्या परमिटवर तुझ्या नावाखेरीज आणखी कुणाचं नाव आहे. आणि ते आलं की ये. या आखाजीला नाही जमलं तर मधल्याच कुठल्या साध्या दिवशी ये, सणाचं काही अडलेलं नाही. मी काही मोठा बेत करणार नाही, रडणार नाही, राहा म्हणून अडवणार नाही. भाकरी-ठेचा खा, ओट्यावर बस, दोन दिवसांत जा. साखर देईन, तीही तुझी गाडी हलल्यावर. पण ये गं लवकर.